दिवा कुणासाठी

“नंदिनी, तुमच्या घरचा पंखा झकास आहे. पण मी पंख्याला करिअरचा सल्ला देत नाही, बेटा. तू कुठं आहेस?”

वैरागडे सर माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. आवाज एवढा मोठा, की नागपूरहून विट्यापर्यंत तो फोनशिवायच पोचवायचा त्यांचा इरादा असावा. मी गडबडीनं मोबाइल हलवला.

“आता कॅलेंडर दिसून राहिलं. पान अजून ऑगस्टचंच आहे. सप्टेंबर लागला ना?”

समोर परातीत तांदूळ निवडत बसलेली आई पदराआड हसली. उठून ते पान उलटायची तिला घाई झाली होती, पण परक्या पुरुषासमोर कॅमेऱ्यात जायला ती तयार नव्हती. ती मोबाइलच्या मागच्या अंगाला बसायची आणि पुढंही नेहमी तिथंच बसली. शेवटी सरांनीच मला धडे दिले. मोबाइल डब्याला टेकव. हनुवटीच्या वर येऊ दे. वरच्या कडेला बोट फिरव, कॅमेऱ्याचा उंचवटा लागेल.

“लागला?”

“लागला.”

“आता बोलायचं ते त्याच्याशी. तोंड इकडं तिकडं फिरवायचं नाही.”

“आवाज कुठूनही येतोय की, सर.”

“आवाजाचं नको सांगू. तोंड समोर.”

मला राग आला. मी जन्मापासून आंधळी. ‘दिव्यांग’, ‘दृष्टिबाधित’ असे गोड शब्द मी पुढं पुण्यामुंबईकडे ऐकले, आमच्या विट्यात सरळ काम असतं. तोंड समोर ठेव, मान हलवू नकोस, हात नाचवू नकोस, हे डोळस माणसांकडून मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. त्यांना आमच्याकडे बघताना बरं वाटावं म्हणून आम्ही नीट बसायचं. हा मनुष्यही त्यातलाच, असं मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

पुण्याच्या एका संस्थेनं त्यांची आणि माझी गाठ घालून दिली होती. अपंग मुलामुलींना नोकरीची वाट दाखवायला एकेक अनुभवी माणूस जोडून द्यायचा, आठवड्यातून एकदा व्हिडिओवर तासभर बोलायचं, कुणी कुठं जायचं-यायचं नाही, अशी ती योजना. वैरागडे सरांचा जन्म नागपूरच्या एका कारखान्यात नव्या माणसांना शिकवून तयार करण्यात गेलेला. संस्थेच्या केतकीताई म्हणाल्या होत्या, “सर जरा कडक आहेत. पण त्यांच्या हाताखालून गेलेलं कुणी घरी बसलेलं नाही.”

मला घरीच बसायची भीती होती. खरं सांगायचं तर घरापेक्षाही वाईट ठिकाणी.

माझे वडील, आण्णा, यांचं सेलमला गलाईचं दुकान होतं. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं हे काम. आमच्या भागातली निम्मी माणसं त्यापायी देशभर पांगलेली. भट्टीच्या धुरानं छाती धरली तसे आण्णा दुकान विकून गावी आले, आणि आल्या आल्या त्यांनी माझी सोय लावली. मामांच्या ओळखीनं साखर कारखान्यात टेलिफोनवर. अपंगांची जागा होती, ती भरायला कारखान्याला माणूस हवा होता. मी एकदा जाऊन त्या खोलीत बसून आले. तिथला फोन वाजलाच तर चुकून वाजायचा. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आल्यावर त्या डब्याला विचारतो कोण? पण आण्णांच्या दृष्टीनं ती सोन्यासारखी नोकरी होती.

“बसून पगार हाय, नंदे. माझ्या माघारी तुला कोण बघणार? ऊस गव्हाणीत पडला, की तू खुर्चीत बसायचं. मोळीच्या दिवशी हजर व्हायचं, मी शब्द दिलाय.”

मोळी म्हणजे हंगामाचा पहिला ऊस. पूजा करून ती मोळी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, टाकली, की कारखान्याचं धुराडं पेटतं. ती त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पडणार होती. तेवढ्याच मुदतीत मला दुसरी नोकरी शोधायची होती, नाहीतर जन्मभर न वाजणाऱ्या फोनशेजारी बसायचं होतं.

“तुला काय करायचंय?” सरांनी विचारलं.

“शिकवायचंय. इतिहास.” एम.ए. झालं होतं, बी.एड. झालं होतं. शाळांचे उंबरठे झिजवून झाले होते. फळ्यावर कोण लिहिणार, पोरं दंगा करतील तेव्हा कोण बघणार, या दोन प्रश्नांपुढं कुणी गेलं नव्हतं.

सर नेहमीच उत्तराआधी जरा थांबत.

“फळा नसलेली शाळा शोधू,” ते म्हणाले.

आणि त्यांनी ती शोधली. मोबाइलवरून मुलांना शिकवणारी एक कंपनी होती, त्यांना मराठी माध्यमासाठी शिक्षक हवे होते. अर्ज गेला, पहिली चाचणी झाली आणि उत्तर आलं, की व्हिडिओवर खऱ्या मुलांना एक पाठ घेऊन दाखवा. मग ठरवू. तारीख मोळीच्या आधीच्या आठवड्यातली होती.

सरांचे नियम मात्र विचित्र. मी त्यांना आवाजी निरोप पाठवले, की उत्तर यायचं नाही. “टाइप कर,” म्हणायचे. टाइप करायचं म्हणजे मला एकेक अक्षर बोटानं शोधून, मोबाइलनं ते उच्चारलं की मग पक्कं करायचं. जीव मेटाकुटीला यायचा. आणि स्वतः? स्वतः मात्र मला लांबलचक बोलून पाठवायचे. माझ्या स्वस्तातल्या मोबाइलला मराठी धड वाचता येत नाही, हे एकदा त्यांच्या कानावर, म्हणजे मला तेव्हा वाटलं तसं कानावर, गेलं होतं. तेव्हापासून ते सगळं स्वतःच्या आवाजात पाठवू लागले. पाठ कसा बांधायचा, मुलांना प्रश्न कधी विचारायचा, कुठं थांबायचं, अख्खं पुस्तकच म्हणा. ती बोलणी मी आजही जपून ठेवली आहेत.

पण त्यातसुद्धा एकेक मासले. एकदा सर मोठ्या तन्मयतेनं सांगताहेत, “वर्गात शिक्षकानं गोंगाटाच्या वर आवाज चढवायचा नसतो,” आणि मागं कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या. शिट्टीत अख्खी वाक्यं वाहून गेली. पण पठ्ठ्या थांबला नाही की कुणाला हाक मारली नाही. शेवटी एका बाईंचा आवाज आला, “अहो, पुन्हा करा हे, काहीच कळून नाही राहिलं.” तेही त्यांनी तसंच पाठवून दिलं. मी आणि आई पोट धरधरून हसलो.

“ध्यान लागतंय बघ त्यांचं,” आई म्हणाली. “देवमाणूस असंल.”

“देव नव्हे, दगड,” मी म्हटलं.

पण दगड म्हणावं तर कान असे तिखट, की बोलायची सोय नव्हती. पाठाची तालीम चालली होती. मला विषय दिला होता गडावरच्या पाण्याचा: एवढ्या उंच डोंगरावर शेकडो माणसं राहायची, तर पाणी कुठून आणायची? सर मला एकेक वाक्य पुन्हा म्हणायला लावत होते. “तोंडातल्या तोंडात बोलू नको. ‘टाकं’ म्हटल्यावर ‘टाकं’ दिसलं पाहिजे.” चौथ्यांदा की पाचव्यांदा तेच. मी कंटाळले. ओठांतल्या ओठांत, श्वासाइतक्या आवाजात, शेजारच्या माशीलाही कळू नये असं पुटपुटले, “खडूस म्हातारा.”

समोर बसलेल्या आईला ते ऐकू गेलं नाही. नागपुरात मात्र गेलं.

“खडूस तर खडूस,” सर शांतपणे म्हणाले, “पण ‘टाकं’ पुन्हा म्हण.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी मुकाट्यानं ‘टाकं’ म्हटलं. त्या दिवसानंतर सरांच्या माघारी बोलायचं तरी मी दार लावून बोलत असे. या माणसाचे कान म्हणजे मांजराचे कान, अशी माझी खात्री झाली.

त्या कानांना अंधाराचं मात्र वावडं होतं. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. दुपारी आभाळ भरून आलेलं असायचं, आमची मधली खोली आधीच अंधारी. लाईट गेली, की मी बोलतच असायची आणि पलीकडून सर ओरडायचे, “नंदिनी, थांब! काही कळून नाही राहिलं. दिवा लाव.” आई धडपडत जाऊन चार्जिंगचा दिवा आणून माझ्या तोंडासमोर धरायची, मग गाडी पुढं चालायची. मी आईला म्हणायची, “विट्याची लाईट गेली, की सरांचे कान बंद पडतात.” आम्ही दोघी त्यावर हसायचो. हे माझं त्या काळातलं सगळ्यात खरं वाक्य होतं, आणि ते मी चेष्टेत म्हणत होते.

पाठाला चार दिवस उरले आणि हसू संपलं. त्या दिवशी सकाळीच आण्णा म्हणाले, “मामाचा फोन आला हुता. पुढल्या सोमवारी येऊन सही करून जावा म्हणतोय.”

“आण्णा, माझा पाठ हाय शुक्रवारी. त्याचं बघू द्या आधी.”

“किती दारं ठोठावलीस, नंदे? प्रत्येक येळी तू रडत येतीस आन् मला बघवत न्हाई. एक दार आपणहून उघडलंय, त्यात शिर की गं.”

त्यांचा आवाज बसलेला होता. आण्णा दुष्ट असते तर माझं सोपं झालं असतं. ते भीत होते, आणि त्यांची भीती मला पाठ होती. त्याच दुपारी सरांपुढं बसले तेव्हा माझं मन थाऱ्यावर नव्हतं. तालीम सुरू झाली आणि लाईट गेली.

“दिवा लाव,” सर ओरडले.

आई दळणाला गेलेली. दिवा कुठं ठेवलाय मला ठाऊक नव्हतं. मी बोलत राहिले.

“नंदिनी, दिवा!”

“नाही सापडत!” मी ओरडले. “सर, मला दिसत नाही! आंधळी आहे मी! उजेडात न् अंधारात माझं बोलणं तेच आहे. मग दिवा लावायचा कुणासाठी?”

मग सर म्हणाले, “दिवा लाव, बेटा. काय म्हणून राहिली तू?”

“दिवा कुणासाठी लावू?” मी जागेवरून उठून मोबाइलला तोंड लावून किंचाळले.

पडद्याचाच उजेड माझ्या तोंडावर पडला असणार तेव्हा. कारण सर लगेच म्हणाले, “माझ्यासाठी. माझ्यासाठी लाव.”

मी फोन कापला. केवढा अहंकार, असं वाटलं. माझ्यासाठी म्हणे! माझी सबंध जिंदगी चालली आहे पणाला लागून, आणि या गृहस्थांना माझं तोंड उजळलेलं बघायचंय. मी केतकीताईंना फोन लावला आणि म्हटलं, मला दुसरा सल्लागार द्या.

केतकीताई म्हणाल्या, “नंदिनी, तुमच्या दोघांची जोडी अवघड आहे, हे आम्हालाही माहीत होतं. आम्ही सरांना तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, ‘हीच मुलगी द्या. आमचं जमलं तर दोघांचंही काहीतरी होईल.’ बाकी तू म्हणशील तसं.”

दोघांचंही काय होणार होतं, मला कळलं नाही. विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

संध्याकाळी सरांचा आवाजी निरोप आला. नेहमीसारखाच मोठा आवाज, पण आज वाक्यं तुटक होती.

“नंदिनी. तू रागावली, ते मला कळलं. का रागावली, ते नाही कळलं, कारण अंधार होता. टाइप करून सांगशील तर सांग. नाही सांगितलं तरी चालेल. पण शुक्रवारी तुझ्या समोर मुलं राहणार. मुलं काही म्हणणार नाहीत की दिवा लाव. ती फक्त उठून जातील. पंखा बंद झाला, की समज लाईट गेली. हात लांब केला की सापडेल, असा दिवा ठेव. एवढं कर. बाकी तू फर्स्ट क्लास आहेस. मी इतक्या वर्षांत पुष्कळ माणसं शिकवली. तुझ्यासारखं कुणी बोलत नाही, बेटा. तुझं बोलणं दिसते.”

दिसते म्हणे! बोलणं काय दिसतं? पण ‘अंधार होता म्हणून कळलं नाही’ हे ऐकून मला हसूच फुटलं, आणि हसू आलं की माझा राग टिकत नाही, ही माझी जुनी खोड आहे. दळण घेऊन आलेल्या आईकडून मी दिवा मागून घेतला. तो डब्याच्या उजव्या अंगाला ठेवला आणि हात लांब करून चाचपून पाहिला. पुन्हा पाहिला. रात्रीचं जेवण होईपर्यंत मी एवढंच करत होते.

शुक्रवारी आई मोबाइलच्या मागं बसली होती आणि आण्णा उंबऱ्यात. ते आत येत नव्हते आणि बाहेरही जात नव्हते. पडद्यावर कंपनीच्या दोघी जणी आणि पाचवी-सहावीतली काही मुलं. मी बोटानं कॅमेऱ्याचा उंचवटा चाचपून घेतला आणि नाक त्याच्या रोखानं धरलं.

“मुलांनो, समजा आपण सगळे एका गडावर राहतो. सकाळ झाली. मला तहान लागली. खाली नदी दिसते, पण उतरून वर यायला दुपार होईल. पाणी कुठून आणू?”

“बोअर मारायची, मॅडम!” एक मुलगा म्हणाला.

“मार. पण वीज नाहीये.”

“मग टँकर!”

“चढव टँकर कड्यावरून. मी खाली उभी राहत नाही हं.”

मुलं हसली. खडकात खोदलेली टाकी, त्यात साठवलेलं पावसाचं पाणी, त्याच खोदलेल्या दगडांनी बांधलेला तट, सगळं मी त्यांच्याकडूनच काढून घेत गेले. मधेच एक मुलगी लाडात म्हणाली, “मॅडम माझ्याकडेच बघतायत!” दुसरा म्हणाला, “हट्, माझ्याकडे बघतायत!” त्यांचं भांडण जुंपलं. मी कुणाकडेच बघत नव्हते. मी त्या उंचवट्याशी बोलत होते, सरांनी सांगितल्याप्रमाणे.

“मॅडम, तुम्हाला दिसत नाही ना?” ते भांडण ऐकून की काय, एका मुलानं विचारलं. कंपनीच्या बाई गडबडल्या असाव्यात, त्यांची खुर्ची वाजली.

“नाही दिसत,” मी म्हटलं. “म्हणून तर तुम्हाला विचारतेय, टाक्यातलं पाणी वर उघडं ठेवलं, तर उन्हाळ्यात काय होईल?”

“आटेल!” सगळे ओरडले.

तेवढ्यात माझ्या डोक्यावरची घरघर मंदावली. पंखा थांबत होता. ‘आटेल’ आणि माझं पुढचं वाक्य यांच्या मधे माझा उजवा हात लांब गेला, बटण दाबलं गेलं, गालावर दिव्याची किंचित ऊब आली. “मग न आटण्यासाठी काय कराल?” मी विचारलं. आई नंतर म्हणाली, की ती उठायला लागली तोवर दिवा लागलासुद्धा होता, आणि उंबऱ्यात आण्णांनी तोंडावर हात घेतला होता.

पाठ संपल्यावर मुलांना घालवून कंपनीच्या एक बाई म्हणाल्या, “एक विचारू? लाईट गेलेली तुम्हाला कळली कशी?”

“पंखा थांबला.”

“आणि दिवा? म्हणजे, तुम्हाला त्याची गरज...”

“मला नाही. मुलांना आहे.”

हे बोलले आणि माझी मीच थबकले. चार दिवसांपूर्वी मी घसा फोडून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मीच देऊन बसले होते. पण ते अर्धंच उत्तर होतं. उरलेलं अर्धं अजून यायचं होतं.

रविवारी कंपनीचा फोन आला. मला घेतलं होतं. घरून शिकवायचं, नीट पगार, सहावी-सातवीचा इतिहास. आई रडली. आण्णा अंगणात गेले, आणि मला तिथून त्यांचा आवाज आला. “हां, पाव्हणं. पोरगी येत न्हाई. न्हाई, रुसलीबिसली न्हाई. मास्तरीण झाली ती.” आणि मग उगीचच पुन्हा, “मास्तरीण झाली म्हटलं!”

मला हे आधी सरांना सांगायचं होतं. टाइप करत बसण्याइतका धीर नव्हता. केतकीताईंकडून सरांच्या घरचा नंबर घेतला आणि साधा फोन लावला. त्या कुकरवाल्या बाईंनी उचलला.

“मी विट्याहून नंदिनी. सरांना द्या ना फोन. लवकर द्या.”

“नंदिनी! अगं, तुझंच चालून राहिलं शुक्रवारपासून. काय झालं पोरी?”

“त्यांनाच सांगते. द्या ना.”

“अगं, पण फोनवर कसं सांगशील तू त्यांना?” बाई गोंधळल्या. “त्यांना ऐकू येत नाही ना.”

मी म्हटलं, “काय?”

“मेंदूज्वर झाला होता, त्यात कान गेले. पार गेले. आमचा पोरगा जन्मला त्या साली, आता तो कॉलेजात आहे. तुला ठाऊक नाही? अगं, त्यांच्या खुर्चीच्या मागं एवढी मोठी पाटी लावली आहे भिंतीला, ‘मला ऐकू येत नाही, मी ओठ वाचतो, माझ्याकडे तोंड करून बोला.’ व्हिडिओवर येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्यांदा...” आणि बाई एकदम थांबल्या. “अगं बाई! तुला पाटी कशी दिसणार?”

मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. ओठांतल्या ओठांत म्हटलेलं ‘खडूस’. कुकरच्या शिट्ट्या. उत्तर न आलेले माझे सगळे आवाजी निरोप. स्वतःला ऐकू न येणाऱ्या आवाजात माझ्यासाठी बोलून ठेवलेलं ते अख्खं पुस्तक, बायकोनं ‘पुन्हा करा’ म्हटलं की पुन्हा केलेलं. तुझं बोलणं दिसते. आणि तो दिवा. त्यांनी मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं कुणासाठी, त्यांनी सांगितलं होतं माझ्यासाठी. माझ्या डोळ्यांना एरवी दुसरं काम नाही, पण रडायला ते चांगले आहेत. मी रडले.

“पोरी, आहेस ना?” बाई विचारत होत्या.

“आहे. काकू, त्यांना व्हिडिओवर बसवा. सांगू नका कशासाठी.”

मी तोंड धुतलं. लाईट होती, तरी उजव्या हाताचा दिवा लावला आणि जवळ ओढला. मोबाइल डब्याला टेकवला, उंचवटा शोधला, हनुवटी धरली. आई आपल्या जागेवर, मोबाइलच्या मागं येऊन बसली. आण्णाही आले आणि तिच्याशेजारी उभे राहिले.

“हां, नंदिनी!” सरांचा तो नागपूरहून थेट येणारा आवाज आला. “आज दिवा लई झकास लावला. बोल.”

मी तोंड उघडलं. आवाज जराही काढला नाही. श्वाससुद्धा रोखून धरला. नुसते ओठ, सावकाश, एकेक अक्षर दिसेल असे, ‘टाकं’ म्हणायला त्यांनी शिकवलं होतं तसे हलवले. सर, मला नोकरी लागली.

खोलीत फक्त पंखा वाजत होता.

आणि मग पलीकडून असा काही आरडाओरडा झाला, की डब्यावरचं झाकण थरथरलं. “सुनंदा! अगं सुनंदा, धाव! पोरीला नोकरी लागली! लागली नोकरी!”

आई चकित होऊन म्हणाली, “नंदे, अगं, तू अजून तोंडातनं शब्द काढला न्हाईस. त्यास्नी कसं ऐकू गेलं?”

“दिवा लावलाय की, आई,” मी म्हटलं.